वाचकांचे प्रश्न : युद्धनौकेचे पैसे जातात कुठे?

प्रश्न : वास्कोच्या गोवा शिपयार्डला मिळालेल्या गस्ती नौका आणि ‘आयएनएस मोरमुगाव’ यांच्या किमतीत दहापट फरक दिसतो. मोरमुगाव काही दहापट मोठी नाही. मग एवढा खर्च कशाचा? (एक वाचक, बायणा)

उत्तर : फरक तेवढाच आहे. मार्च २०२३ च्या करारात ११ गस्ती नौका ९,७८१ कोटींना ठरल्या (७ गोव्यात, ४ कोलकात्यात), म्हणजे एक साधारण ८९० कोटींना. मोरमुगावच्या वर्गातल्या, म्हणजे त्याच आराखड्याच्या, चार विनाशिकांचा (मोठ्या युद्धनौकांचा) प्रकल्प सुमारे ३५,००० कोटींचा, म्हणजे एक साधारण ८,७५० कोटींना.

यात पोलादाचा वाटा किरकोळ. पैसा खातात ती क्षेपणास्त्रं, रडार, सोनार (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचा वेध घेणारी यंत्रणा) आणि या सगळ्यांचा मेळ घालणारी संगणकप्रणाली. वेगही स्वस्तात मिळत नाही : लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाने वाढते. २५ नॉटवरून (तासाला २५ सागरी मैल) ३० वर जायचं तर शक्ती पावणेदोनपट हवी. मोरमुगावला चार गॅस टर्बाइन आहेत ते त्यासाठीच.

खरी ओढाताण उंचीवरून होते. रडार २५ मीटरवर असेल आणि क्षेपणास्त्र पाण्यापासून ५ मीटरवरून येत असेल, तर पृथ्वीच्या वक्रतेमुळे ते ३० किलोमीटरच्या आत आल्यावरच दिसतं. सेकंदाला ३०० मीटर वेग धरला तर हाताशी उरतात १०० सेकंद. रडार आणखी ५ मीटर वर नेलं की दोन किलोमीटर, म्हणजे सहा-सात सेकंद पदरात पडतात. पण वरचं वजन वाढलं की जहाज जास्त कलतं. मग रुंदी वाढवा, रुंदी वाढली की पाण्याचा अवरोध वाढतो, आणि गाडी पुन्हा इंजिनावर येते. आराखडाकारांची वर्षं यातच जातात.

हा आराखड्याचा खर्च किती जहाजांत वाटला जातो, तेही बघा. अमेरिकेने ‘झुमवॉल्ट’ वर्गाच्या ३२ विनाशिका ठरवल्या, बांधल्या तीन; मग गोळेही थोडेच लागणार होते. तोफेचा एकेक गोळा आठ लाख डॉलरच्या घरात गेल्यावर गोळ्यांची खरेदीच रद्द झाली. तोफा जागेवर होत्या, दारूगोळा नव्हता!

प्रश्न : जलावतरण झालं म्हणजे जहाज तयार नाही का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : नाही. तेव्हा तरंगणारा सांगाडा तयार असतो. मोरमुगाव १७ सप्टेंबर २०१६ ला पाण्यात उतरली. गोवा मुक्तिदिनी, म्हणजे १९ डिसेंबर २०२१ ला, चाचणीसाठी पहिल्यांदा समुद्रात गेली आणि १८ डिसेंबर २०२२ ला नौदलात दाखल झाली. मधल्या काळात पाइप आणि केबल घातल्या जातात. जलरोधक भिंतीतून केबल नेण्यासाठी पाडलेलं प्रत्येक भोक पाणी आणि आग अडवेल असं बुजवावं लागतं. एखादं यंत्र उशिरा आलं तर डेक कापून ते आत उतरवायचं, त्या वाटेतल्या केबल काढायच्या, पुन्हा वेल्डिंग, पुन्हा रंग. वेळापत्रक कोलमडतं ते बहुतेक वेळा इथेच.