क्रूझ लांबची घ्यायची का? रात्री नका मोजू, समुद्रातले दिवस मोजा

प्रश्न: आम्ही दोघं आजवर एकदाही क्रूझला गेलेलो नाही. 7 रात्रींची आणि 14 रात्रींची अशा दोन डोळ्यासमोर आहेत. एवढा खर्च करतोच आहोत तर सरळ 14चीच घ्यावी का?

पहिलीच वेळ असेल तर 7ची घ्या, आणि हे मी पैसे वाचवायला सांगत नाहीये. पहिले दोन दिवस जहाज समजून घेण्यातच जातात, आपली केबिन पुढच्या अंगाला की मागच्या, जेवायला कुठल्या डेकवर, म्हणजे मजल्यावर, जायचं, कुठल्या लिफ्टला गर्दी नसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळं अंगवळणी पडतं आणि मग कुठे कळतं की आपल्याला हे खरंच आवडतंय का. नाही आवडलं तर 7च्यात उरलेले तीन दिवस कसेही निघतात, 14च्यात दहा दिवस काढायचे म्हणजे जीव मेटाकुटीला येतो.

आणि नुसता रात्रींचा आकडा बघून काही ठरवू नका. 14 रात्रींत दहा बंदरं करणारी भूमध्य समुद्रातली क्रूझ असते आणि 14 रात्रींचीच अटलांटिक ओलांडणारी पण असते, जिच्यात सलग 6-7 दिवस जमीन दिसत नाही. पहिलीत रोज सकाळी उठा, उतरा, पायपीट करा, संध्याकाळी पाय सुजवून परत या, दुसरीत कुठे जायचंच नाही. म्हणून आधी आयटिनररी, म्हणजे रोजचा कार्यक्रम, उघडून 'अ‍ॅट सी' (दिवसभर समुद्रातच) लिहिलेले दिवस मोजा. त्या दिवसांचा विचार करून छान वाटलं तर लांबची क्रूझ तुमच्यासाठी आहे, पोटात गोळा आला तर नाही, इतकं सरळ आहे हे.

प्रश्न: वसंतात आणि शरदात काही लांबच्या क्रूझ प्रत्येक रात्रीच्या हिशोबाने खूपच स्वस्त दिसतात. यात काही गोम आहे का?

गोम अशी काही नाही, कारण आहे. ह्या रिपोझिशनिंग क्रूझ. हिवाळाभर कॅरिबियनमध्ये फिरणारी जहाजं उन्हाळ्यासाठी युरोपात न्यायची असतात, शरदात परत आणायची असतात. जहाज तर जाणारच आहे, मग रिकामं नेण्यापेक्षा कमी भाड्यात माणसं घेऊन जातात.

पण भाडं म्हणजे पूर्ण खर्च नाही हे लक्षात ठेवा. जहाज तुम्हाला दुसऱ्याच खंडात उतरवतं, त्यामुळे एकेरी विमानाचं तिकीट आलं, आणि कधी कधी ते एकेरी तिकीट येण्याजाण्याच्या तिकिटाच्या जवळपास जातं. ग्रॅच्युइटी, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टीप, माणशी रोजची असते, तेव्हा दिवस दुप्पट झाले की तीही दुप्पट. वाय-फायचं तसंच, आणि समुद्रातले दिवस जास्त म्हणजे ते लागणारच. चौदा दिवसांचे कपडे कोणी नेत नाही म्हणून लाँड्री आली, दुपारी निवांत बसल्यावर कॉफी आली, ड्रिंक्स आले, हे सगळं कागदावर मांडा आणि मग रात्रींनी भागा. एकटे जात असाल तर सिंगल सप्लिमेंट बघा, बऱ्याचदा दुसऱ्या माणसाचं जवळजवळ पूर्ण भाडंच भरावं लागतं. एवढं करून सुद्धा स्वस्त पडलं तर खुशाल घ्या, पण स्वस्त आहे एवढ्याच कारणाने घेतली तर नाकापेक्षा मोती जड व्हायचा.

प्रश्न: मला लांबची हवी, नवऱ्याला वाटतं की तो चौथ्या दिवशी कंटाळेल. कोणाचं ऐकायचं?

त्यांची भीती खरी आहे, उडवून लावू नका. नव्याचे नऊ दिवस म्हणतात तसं क्रूझवर पण होतं. मी पहिल्यांदा अटलांटिक ओलांडला तेव्हा पाचव्या-सहाव्या दिवशी एकदम मन उतरल्यासारखं झालं, शो बघून झाले, बुफेत तेच तेच दिसायला लागलं, जिन्यावरून तीच माणसं भेटायला लागली. मग सातव्या दिवशी काय झालं कोण जाणे, सकाळी प्रोमेनेड डेकवर चालायला गेलो, रेलिंग हाताला ओलं आणि मिठाने चिकट लागत होतं, पाणी कालच्यापेक्षा वेगळ्या रंगाचं होतं, शिशासारखं राखाडी, आणि मी दीड तास तिथेच उभा होतो, खिशातला फोनही काढला नाही. त्या दिवसापासून मला घाई अशी उरलीच नाही. मला विचाराल तर लांबच्या क्रूझचा खरा नफा हा, जो छोट्या क्रूझमध्ये हाताला लागत नाही कारण तोवर बॅगा भरायची वेळ झालेली असते.

पश्चिमेकडे जाताना अजून एक सुख असतं, दर एक-दोन दिवसांनी रात्री घड्याळ एक तास मागे जातं, म्हणजे 25 तासांचा दिवस. पूर्वेकडे जाताना उलटं, एकेक तास झोप जाते आणि आठवडाभर डोळे चुरचुरतात. पहिल्यांदा ओलांडणार असाल तर पश्चिमेकडे जाणारी बघा.

तरीही त्यांना सलग समुद्र नकोच असेल तर मधला मार्ग आहे, पनामा कालवा. पूर्ण पार करणाऱ्या क्रूझ साधारण दोन आठवड्यांच्या असतात, मधेमधे बंदरं येतात, आणि कालव्याचा दिवस तर कोणालाच कंटाळवाणा वाटत नाही. 1914 साली सुरू झालेला हा कालवा, साधारण 80 किलोमीटर, लॉकमध्ये, म्हणजे दारं असलेल्या मोठ्या हौदांमध्ये, पाणी भरत भरत अख्खं जहाज समुद्रापेक्षा 26 मीटर वर उचललं जातं, गातुन तलाव पार होतो आणि पलीकडे परत खाली उतरवतात, सगळं मिळून 8 ते 10 तास. जुन्या लॉकमधून जात असाल तर जहाज आणि भिंत यात हात-दोन हात जागा असते, बाल्कनीतून बघताना श्वास रोखला जातो.

प्रश्न: आईला बरोबर न्यायचंय. वय सत्तरच्या पुढे, बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. लांबची झेपेल का?

प्रकृती स्थिर असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर समुद्रातले दिवस उलट त्यांना बरे, रोज बॅग उचलायची नाही, हॉटेल बदलायचं नाही. पण जहाजावरचं मेडिकल सेंटर म्हणजे हॉस्पिटल नव्हे. डॉक्टर, नर्स, ईसीजी, ऑक्सिजन एवढं असतं, मोठं ऑपरेशन होत नाही. भर समुद्रात हेलिकॉप्टर सगळीकडे पोचत नाही, जहाज वळवून बंदर गाठेपर्यंत दिवस जाऊ शकतो. मेडिकल सेंटरचं प्रत्येक बिल आपल्या खात्यावर चढतं आणि ते साधारणपणे आधी भरून मग इन्शुरन्सकडे मागायचं असतं. म्हणून मेडिकल इव्हॅक्युएशन, म्हणजे आजारी माणसाला जहाजावरून हॉस्पिटलात हलवायचा खर्च, असलेला इन्शुरन्स घ्याच, आधीचे आजार फॉर्मवर लपवू नका, नाहीतर ऐनवेळी क्लेम अडकतो. गोळ्या लागतात त्यापेक्षा आठवडाभराच्या जास्त घ्या, आणि हातातल्या बॅगेत ठेवा, कारण मोठ्या बॅगा केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होऊ शकते.

प्रश्न: गाडीत सुद्धा मळमळतं. मग लांबची विसरायची का?

विसरायची नाही, पण पहिली भर समुद्रातली नको. नॉर्वेच्या फ्योर्डसारख्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाड्यांसारख्या, आतल्या पाण्यात बराच वेळ जहाज स्थिर असतं, तिथून सुरुवात करा. केबिन मधोमध आणि खालच्या डेकवर घ्या, हलणं सगळ्यात कमी तिथे जाणवतं. गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची, कुठली ते डॉक्टरांना विचारून. लिफ्टपाशी कागदी पिशव्या ठेवलेल्या दिसल्या की समजा आज समुद्र खवळणार आहे, लगेच गोळी घ्या आणि पोट रिकामं ठेवू नका.

प्रश्न: रिटायर झालो. जगप्रदक्षिणेची, शंभर दिवसांच्या वरची क्रूझ डोक्यात आहे. पूर्ण घ्यावी की तुकडा?

तुकडा. बऱ्याच वर्ल्ड क्रूझ सेगमेंटमध्ये विकल्या जातात, त्यातला 20-25 दिवसांचा भाग घ्या, शक्यतो पॅसिफिकचा, कारण तिथे अंतरं प्रचंड आणि समुद्रातले दिवस भरपूर. त्यात मन रमलं तर पुढच्या वर्षी पूर्ण घ्या. शंभर दिवस ही सुट्टी नसते, एका छोट्याशा खोलीत केलेला संसार असतो, म्हणून जोडीदाराला आत्ताच स्पष्ट विचारा. आणि पासपोर्ट बघा, बरेच देश सहा महिने शिल्लक मागतात, हे सहा महिने प्रवास संपल्यानंतरचे धरा, निघण्याच्या तारखेपासूनचे नाही.