वाचकांचे प्रश्न : चुंबकीय विषुववृत्ताखालची आफ्रिका

अवकाश हवामानाबद्दल, म्हणजे सूर्यामुळे पृथ्वीभोवतीच्या अवकाशात आणि चुंबकीय क्षेत्रात होणाऱ्या बदलांबद्दल, वाचकांकडून आलेल्या पत्रांत आफ्रिकेविषयी विचारणाऱ्यांची संख्या मोठी होती. त्यातले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : अवकाश हवामान म्हटलं की नॉर्वे-कॅनडातला ध्रुवीय प्रकाश डोळ्यांसमोर येतो. आफ्रिकेत तो दिसत नाही. मग तिथे या विषयाचे शास्त्रज्ञ नेमकं काय अभ्यासतात?

उत्तर : तिथे जे अभ्यासायचं ते डोळ्यांना दिसत नाही. मोकळी टांगलेली चुंबकसुई जिथे अगदी आडवी राहते, ती रेषा म्हणजे चुंबकीय विषुववृत्त. ही रेषा आयव्हरी कोस्ट, नायजेरिया, चाड, इथिओपिया अशी आफ्रिकेतून आरपार जाते. इतरत्र तिचा बराचसा भाग समुद्रावर आहे आणि समुद्रात यंत्रं ओळीने रोवता येत नाहीत. आफ्रिकेत येतात.

या रेषेवर दोन गोष्टी घडतात. पहिली दिवसा. सुमारे १०५ किलोमीटर उंचीवर, आयनांबराच्या, म्हणजे वातावरणाच्या विद्युत्भारित भागाच्या, खालच्या थरात, पूर्वेकडे वाहणारा विजेचा एक अरुंद प्रवाह तयार होतो. त्याला विषुववृत्तीय इलेक्ट्रोजेट म्हणतात. चुंबकीय बलरेषा तिथे आडव्या असल्यामुळे वर-खाली ढकलल्या गेलेल्या विद्युत्भाराला निसटायला वाट मिळत नाही. तो थराच्या कडांशी साचतो, त्यातून नवं विद्युत्क्षेत्र उभं राहतं आणि पूर्वेकडचा प्रवाह कित्येक पटींनी वाढतो. रेषेच्या दोन्ही बाजूंना तीनेक अंशांपलीकडे गेलं की हा परिणाम ओसरतो.

दुसरी गोष्ट सूर्यास्तानंतरची. दिवसभर पूर्वाभिमुख विद्युत्क्षेत्र वरच्या थरातला प्लाझ्मा, म्हणजे विद्युत्भारित वायू, उचलत असतं आणि तो बलरेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना साधारण १५ अंशांवर जाऊन साठतो. सूर्य मावळताना हे उचलणं काही काळ एकदम वाढतं. त्याच वेळी खालचा थर झपाट्याने विरतो. वर दाट, खाली विरळ अशी डळमळीत रचना तयार झाली की खालचा विरळ प्लाझ्मा बुडबुड्यांसारखा वर घुसतो. उपग्रहाचा रेडिओसंदेश अशा बुडबुड्यातून आला की ताऱ्यासारखा लुकलुकतो. याला सिंटिलेशन म्हणतात. ते तीव्र असेल तर जीपीएस रिसीव्हरची उपग्रहावरची पकडच सुटते.

सी-नॉफ्स उपग्रहाने २००८ ते २०१५ या काळात केलेल्या मोजणीत आफ्रिकेच्या रेखांशांवर हे बुडबुडे वर्षातल्या बहुतेक महिन्यांत आढळले. इतर रेखांशांवर त्यांचा हंगाम बराच ठळक असतो. हा फरक का पडतो, हे शोधायला उपग्रहाची धावती नजर पुरत नाही. खालून रोजच्या रोज, त्याच जागी मोजणारी यंत्रं लागतात. दीर्घकाळ तिथेच उणीव होती.

प्रश्न : इथिओपियात इलेक्ट्रोजेट मोजण्यासाठी दोन चुंबकमापक लागतात असं वाचलं. प्रवाह एक, तर यंत्रं दोन का?

उत्तर : अदिस अबाबाला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ३६ हजार नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) आहे. शांत दिवशी दुपारी इलेक्ट्रोजेट त्यात काही दहा नॅनोटेस्लांची भर घालतो. पण पृथ्वीभोवतीचा वलयप्रवाह आणि विषुववृत्तापासून दूरवर पसरलेले दिवसाचे साधे प्रवाहही त्याच सुईला हलवतात. एका यंत्राला यातला कोणता वाटा कोणाचा ते सांगता येत नाही.

म्हणून एक यंत्र रेषेवर, अदिस अबाबाला, आणि दुसरं जवळपास त्याच रेखांशावर पण इलेक्ट्रोजेटच्या पट्ट्याबाहेर, उत्तरेला अदिग्रातला. आधी दोन्हीकडचा चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक घ्या. त्यातून त्याच ठिकाणची शांत मध्यरात्रीची पातळी वजा करा. मग मिनिटाला मिनिट जुळवून अदिस अबाबाच्या आकड्यातून अदिग्रातचा आकडा वजा करा. दोन्हीकडे सारखं असलेलं जातं आणि उरतो तो इलेक्ट्रोजेट. त्यावरून दुपारी प्लाझ्मा किती वेगाने वर उचलला जातो याचा अंदाजही बांधता येतो, म्हणून ही साधी वजाबाकी इतकी मोलाची.

चुका बहुधा तीन ठिकाणी होतात. एक, वादळी रात्रीची पातळी आधार म्हणून घेतली जाते आणि सगळा दिवस वर किंवा खाली सरकतो. दोन, घड्याळ. इथिओपियाची प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या तीन तास पुढे, शिवाय तिथे रोजच्या बोलण्यात तास पहाटेपासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. हाताने केलेल्या नोंदीपुढे जागतिक वेळ लिहिलेली नसेल तर ती नोंद वापरू नये. तीन, ऋण आकडा आला की तो चूक समजून पुसला जातो. तसं अजिबात करू नका. काही दिवशी प्रवाह खरोखरच उलटा, पश्चिमेकडे वाहतो आणि अभ्यासाला तेच दिवस सर्वांत मोलाचे असतात.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर सिंटिलेशन मोजणारा जीपीएस रिसीव्हर आहे. रोज ठरावीक वेळी एस-४ वाढतो. खालून सगळी पत्र्याची शेड आहे. हे खरं सिंटिलेशन मानायचं का?

उत्तर : बहुधा नाही. आफ्रिकेत अशा रिसीव्हरांचं जाळं २००७ च्या आंतरराष्ट्रीय सूर्यभौतिकी वर्षानंतर वाढलं. पत्र्यावरून परावर्तित झालेले संदेश ही सगळीकडचीच अडचण आहे, कारण गच्ची हीच सर्वांत सुरक्षित जागा असते.

एस-४ म्हणजे एका मिनिटातल्या संदेशतीव्रतेचं प्रमाण विचलन भागिले सरासरी तीव्रता. सेकंदाला ५० नोंदी धरल्या तर एका आकड्यामागे ३,००० नमुने असतात. थेट संदेश आणि पत्र्यावरून आलेला संदेश एकमेकांत मिसळले की तीव्रता हेलकावे खाते आणि एस-४ खोटाच फुगतो.

ओळखायची सर्वांत खात्रीची खूण घड्याळात आहे. जीपीएस उपग्रहांची आकाशातली मांडणी २३ तास ५६ मिनिटांनी पुन्हा तशीच होते. सलग पाच-सहा दिवसांचे आलेख एकाखाली एक लावा. तोच उपग्रह, तोच फुगवटा आणि रोज चार मिनिटं आधी, असं दिसलं तर दोष पत्र्याचा. प्लाझ्मा बुडबुडे असं वेळापत्रक पाळत नाहीत. ते सूर्यास्तानंतर येतात, एक दिवस येतात, दुसऱ्या दिवशी येत नाहीत आणि पूर्वेकडे सरकत असल्यामुळे पश्चिमेच्या आकाशातले उपग्रह आधी लुकलुकतात.

रिसीव्हर कोड (संदेशातली वेळेची खूण) आणि कॅरियर (ती वाहून आणणारी लहर) यांच्यातल्या फरकाचं विचलन देत असेल तर तेही पाहा. एस-४ सोबत तेही वाढलं तर परावर्तन, एस-४ एकटाच वाढला तर खरं सिंटिलेशन. क्षितिजापासून ३० अंशांखालचे उपग्रह हिशेबातून वगळा. अँटेना पत्र्याच्या वर नको. शक्य असेल तर सिमेंटच्या खांबावर, गच्चीतल्या सर्वांत उंच जागी बसवा. जागा बदलली तर तारीख लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी त्या बदलाला सौरचक्राचा परिणाम समजेल.

प्रश्न : चुंबकीय वेधशाळेत सगळं स्वयंचलित असताना माणूस आठवड्याला जाऊन हाताने मोजणी का करतो?

उत्तर : स्वयंचलित यंत्र बदल उत्तम टिपतं, पण त्याची शून्यपातळी तापमानाने आणि पाया खचल्याने हळूहळू सरकते. ती सरक हाताच्या मोजणीनेच कळते.

दक्षिण आफ्रिकेतल्या हर्मानसचं उदाहरण घ्या. केप टाउनला १८४१ मध्येच चुंबकीय नोंदी सुरू झाल्या होत्या. विसाव्या शतकात उपनगरी रेल्वे विजेवर धावू लागली, तिच्या एकदिश प्रवाहाने सुया नाचवल्या आणि वेधशाळा समुद्रकाठच्या हर्मानसला हलवावी लागली. तिथलं काम १९४१ पासून सुरू आहे.

मोजणाऱ्याने आधी खिसे रिकामे करायचे. किल्ल्या, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, मोबाइल, लोखंडी काड्यांचा चष्मा, सगळं बाहेर. लोखंडाचा अंशही नसलेल्या थिओडोलाइटच्या, म्हणजे कोन मोजणाऱ्या यंत्राच्या, दुर्बिणीवर फ्लक्सगेट हा चुंबकीय क्षेत्र मोजणारा संवेदक बसवलेला असतो. प्रथम दूरच्या, दिशा पक्की ठाऊक असलेल्या खुणेवर दुर्बीण रोखून वाचन घ्यायचं. मग दुर्बीण आडवी ठेवून संवेदक शून्य दाखवेपर्यंत फिरवायची; त्या क्षणी संवेदक क्षेत्राला काटकोनात असतो. संवेदक वर असताना पूर्वेला आणि पश्चिमेला, खाली असताना पुन्हा दोन्हीकडे, अशी दिक्पाताची (खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतल्या कोनाची) चार वाचनं. नतिकोनासाठीही (क्षेत्र आडव्या पातळीशी करत असलेल्या कोनासाठी) तशीच चार, दुर्बीण चुंबकीय याम्योत्तराच्या, म्हणजे चुंबकीय उत्तर-दक्षिण रेषेतून जाणाऱ्या उभ्या, पातळीत फिरवून. चारांची सरासरी घेतली की संवेदक दुर्बिणीला किंचित तिरका बसल्याची चूक आणि इलेक्ट्रॉनिक्सची शून्यचूक, दोन्ही आपोआप कटतात. शेवटी खुणेवर पुन्हा वाचन. पहिल्या आणि शेवटच्या वाचनात फरक आला तर तिपाई हलली. सगळं पहिल्यापासून करायचं. चार वाचनांऐवजी दोनच घेऊन वेळ वाचवण्याचा मोह फार महाग पडतो.

प्रश्न : चुंबकीय वादळाने वीज जाते ती कॅनडासारख्या देशात. दक्षिण आफ्रिकेला त्याची चिंता का?

उत्तर : १३ मार्च १९८९ ला क्युबेकची वीज नऊ तास गेली, आणि त्यावरून धोका फक्त उत्तरेला असा समज पक्का झाला. तो खोटा ठरवण्यात केप टाउन विद्यापीठाचे ट्रेव्हर गाँट यांचा मोठा वाटा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २००३ च्या वादळांनंतर दक्षिण आफ्रिकेतल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरांच्या तेलातले वायू वाढत गेले आणि पुढच्या काही महिन्यांत त्यातले काही बाद झाले. गाँट आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००७ मध्ये हे प्रसिद्ध केलं.

बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीत विद्युत्क्षेत्र तयार होतं, लांब वाहिन्यांतून जवळजवळ एकदिश प्रवाह फिरतो आणि ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलमधून (जमिनीला जोडलेल्या टोकातून) जमिनीत उतरतो. गाभा अर्ध्या आवर्तनात संपृक्त होतो, चुंबकीय प्रवाह गाभ्याबाहेर सांडतो, तिथला भाग तापतो आणि कागदी आवरण जळत नाही, पण हळूहळू कमजोर होतं. त्यामुळे वादळ आणि बिघाड यांच्यात महिने जातात आणि संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. वादळानंतर तेलाची वायुतपासणी लवकर आणि पुन्हा पुन्हा करायला हवी. हायड्रोजन, मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचा कल पाहायचा, एकटा आकडा नाही. नमुना काचेच्या सिरिंजमध्ये, पहिलं तेल सोडून देऊन, हवेचा बुडबुडा न येऊ देता घ्यायचा. न्यूट्रलच्या तारेवर हॉल संवेदक लावून काही सेकंदांना एक नोंद ठेवली तर बाकीचं अनुमान फार सोपं होतं.

प्रश्न : हे काम करणाऱ्या आफ्रिकी शास्त्रज्ञांची नावं आमच्या पाठ्यपुस्तकांत नाहीत. काही सांगाल का?

उत्तर : नायजेरियाचे सिरिल अगोदी ओनवुमेचिली यांचं नाव पहिलं घ्यायला हवं. इलेक्ट्रोजेटचा पट्टा किती रुंद, मध्यावर किती तीव्र, कडांना काय होतं, याचं त्यांनी १९६० च्या दशकात मांडलेलं गणिती प्रारूप अजूनही वापरात आहे. नायजेरियातच बाबातुंडे राबियू यांनी अन्यिग्बाच्या वातावरण संशोधन केंद्राची धुरा सांभाळली. अदिग्रात, अबुजा, याउंदे, अल्जीरियातलं मेदेआ, नामिबियातलं त्सुमेब अशी चुंबकमापकांची साखळी उभारणारे एन्डावोके यिझेंगाव मूळचे इथिओपियाचे. ली-अ‍ॅन मॅकिनेल यांनी दक्षिण आफ्रिकेवरच्या आयनांबराचं भाकीत न्यूरल नेटवर्कने करून दाखवलं, पुढे हर्मानसच्या संस्थेचं नेतृत्वही केलं. युगांडाचे जॉन बॉस्को हाबारुलेमा यांनी तीच पद्धत जीपीएसमधून मिळणाऱ्या एकूण इलेक्ट्रॉनसंख्येला, म्हणजे संदेशाच्या वाटेवरच्या सगळ्या इलेक्ट्रॉनांच्या मोजणीला, लावली. या संख्येचं एक एकक वाढलं की जीपीएसच्या मुख्य वारंवारतेवर अंतर १६ सेंटिमीटरने चुकतं, शंभर एककं वाढली तर १६ मीटरने.

हर्मानसला आता चोवीस तास चालणारं अवकाश हवामान केंद्र आहे आणि विमानसेवांना तिथून सूचना जातात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषांप्रमाणे एस-४ ०.५ ला मध्यम आणि ०.८ ला तीव्र इशारा. एकूण इलेक्ट्रॉनसंख्येसाठी हेच आकडे १२५ आणि १७५ एककं. गच्चीवरच्या रिसीव्हरच्या एस-४ आलेखावर ०.५ आणि ०.८ या दोन रेघा आखून ठेवा.