मराठीत वेबकॉमिक सुरू करायचं आहे. साधनं, माप आणि अक्षरं यांचं काय करावं? तुम्ही स्वतः कसं काढता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : कागदावर चित्रं बरी जमतात, लॅपटॉप आहे, मुंबईतली गोष्ट मराठीत सांगायची आहे, पण पानाचं माप ठरत नाही आणि मराठी टाइप केलं की अक्षरं तुटतात. शिवाय कुणी गोष्ट विकत मागितली तर काय करावं, हेही विचारलंत.

मी परळची, वय २३. मराठीत उभं कॉमिक काढते, म्हणजे फोनवर अंगठ्याने खाली सरकवत वाचायचं. बहुतेक जण आधी चित्र काढतात आणि उरलेल्या जागेत संवाद कोंबतात. माझं ठाम मत आहे की मराठी वेबकॉमिकमध्ये हा क्रम उलटा हवा. आधी संवाद त्याच्या खऱ्या आकारात मांडायचा, त्याभोवती फुगा आखायचा आणि मग चित्र. वाचक कच्च्या चित्राला सांभाळून घेतो, पण अक्षर वाचता आलं नाही तर पुढे सरकतो.

माप समजून घ्या. वेबटून कॅनव्हासवर, म्हणजे कुणालाही आपलं कॉमिक टाकता येतं त्या संकेतस्थळावर, चित्राची रुंदी ८०० पिक्सेल आणि एका तुकड्याची उंची जास्तीत जास्त १२८० धरून चाला. फोनचा पडदा साधारण पावणेसात सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे एका मिलिमीटरला सुमारे १२ पिक्सेल. त्या हिशेबाने ३६ पिक्सेलचा फाँट पडद्यावर ३ मिलिमीटरचा होतो, आणि तो आरामात वाचता येतो. २८च्या खाली गेलात की ‘ष्ट’, ‘द्ध’, ‘क्ष’ यांच्या पोटातली पांढरी जागा भरून जाते आणि काळा ठिपका उरतो. काढताना रुंदी दुप्पट, १६०० ठेवा आणि शेवटी अर्धी करा. रेषा स्वच्छ येते. अर्थात १६००वर काम करताना फाँटही ७२ हवा, हे विसरू नका.

ओळींमधलं अंतर फाँटच्या १.४ ते १.५ पट ठेवा. इंग्रजी कॉमिकमध्ये सगळी अक्षरं कॅपिटल असतात, ओळी एकमेकींना चिकटवल्या तरी चालतात. आपल्याकडे वरच्या ओळीचा ‘कू’ आणि खालच्या ओळीचा ‘र्की’ एकमेकांत अडकतात. एका ओळीत तीन-चार शब्द, एका फुग्यात वीसेक. फुग्याची कड अक्षरांपासून निदान एका अक्षराइतकी लांब. जोर द्यायचा शब्द तिरका करू नका, ठळक करा. तिरकी शिरोरेखा लहान आकारात डळमळीत दिसते.

आता अक्षरं तुटण्याबद्दल. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडते, ‘क्त’चा ‘क्‌त’ होतो. यात फाँटचा दोष क्वचित असतो. सॉफ्टवेअरला देवनागरी जोडता येत नाही, हे खरं कारण. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत ‘प्रेफरन्सेस’मधल्या ‘टाइप’मध्ये जाऊन ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा. आधीच टाइप केलेल्या मजकुराला ते आपोआप लागत नाही, तिथे ‘पॅराग्राफ’च्या मेनूतून पुन्हा निवडावं लागतं. फुकटात काम भागवायचं असेल तर चित्र क्रिटामध्ये काढा आणि अक्षरं इंकस्केपमध्ये बसवा. इंकस्केप आणि गिंप दोन्ही देवनागरी नीट जोडतात. अक्षरं असलेली मूळ फाइल जपून ठेवा. शुद्धलेखनाची चूक वाचकच दाखवून देतात, आणि चित्रात मुरलेलं अक्षर बदलणं फार जिकिरीचं.

एक अक्षर मात्र हमखास चुकतं. दुसऱ्या, पुऱ्या, सुऱ्या यांतला ‘ऱ्य’. साधा ‘र’, हलन्त आणि ‘य’ टाइप केलं की रफार तयार होतो आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. गोष्ट सह्याद्रीतली असेल तर पात्र थेट समुद्रात! इथे खाली टिंब असलेला ‘ऱ’ लागतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट धरून इंग्रजी ‘जे’च्या कळीवर आहे. मग हलन्त, मग ‘य’. फाँट निवडताना आधी हेच एक अक्षर तपासा. ‘ल’ आणि ‘श’चं मराठी वळण काही फाँटमध्ये आत असतं, पण मजकुराची भाषा मराठी निवडेपर्यंत दिसत नाही. संवादांसाठी ‘मुक्त’ हा फाँट चांगला, हसऱ्या गोष्टीला ‘बलू’. दोन्ही मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे आणि खुल्या परवान्याचे, म्हणजे फुकट वापरता येणारे आहेत. हाताच्या अक्षरासारखा हवा असेल तर ‘कलम’. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत टाइप करून आणू नका. जुन्या पद्धतीच्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की नुसती चिन्हं दिसतात.

साधनांवर लगेच पैसे घालू नका. १५० ते २०० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) गुळगुळीत कागद, कच्च्या रेषेला फिकट निळी पेन्सिल, आणि पाण्याने न पसरणाऱ्या शाईची पेनं पुरतात. मायक्रॉन पेनांतलं ०१ नंबर ०.२५ मिलिमीटरचं असतं, ०५ नंबर ०.४५चं. चेहऱ्याला पहिलं, बाहेरच्या कडेला दुसरं. स्कॅन ६०० डीपीआयवर करा. फोनने फोटो काढणार असाल तर फोन उंच धरून दुप्पट झूम करा. जवळून काढला की चौकटीच्या कडा बाहेर फुगतात.

जून ते सप्टेंबर कागद सांभाळा. मुंबईच्या हवेत तो ओल शोषतो, तंतू फुगतात, आणि शाई रेषेबाहेर केसासारखी पसरते. पेन बदलून ते थांबत नाही. कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह झिपच्या पिशवीत ठेवा, लागेल तेवढाच बाहेर काढा, आणि हाताखाली एक कोरा कागद घ्या, कारण घाम लागलेल्या जागी शाई धरत नाही. पुढे चित्र काढायचा टॅबलेट घ्यायचाच झाला तर बिनपडद्याचा लहान पुरतो. हात खाली, नजर समोर, याची सवय व्हायला काही आठवडे जातात. तेवढ्यात तो विकून टाकू नका.

उभ्या कॉमिकमध्ये वेळ दाखवायची ती रिकाम्या जागेने. लगेचच्या कृतीला दोन चौकटींत २०० पिक्सेल, प्रसंग बदलताना ६०० ते १०००. तुकडे कापताना कात्री या रिकाम्या पट्टीतच चालवा. फुग्यातून कापलं तर जोडावर कधीकधी बारीक रेघ दिसते.

मुंबई काढताना साल आधी ठरवा. काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली, बेस्टच्या जुन्या डिझेलच्या डबल-डेकर त्याआधीच्या महिन्यात. २०२५च्या गोष्टीत पात्र पद्मिनीत बसलं की इथला वाचक तिथेच अडतो. चाळ म्हणजेही एकच इमारत नव्हे. गिरगावच्या चाळीला उघडी गॅलरी, त्यामुळे समोरच्या बिऱ्हाडाशी गप्पा होतात, उजेड एका बाजूने येतो. वरळी-नायगावच्या जुन्या बीडीडी चाळी तळ अधिक तीन मजल्यांच्या, मधून बोळ आणि दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या. तिथे उजेड बोळाच्या टोकांकडून येतो आणि दारातला माणूस मागून काळा दिसतो. तुमचा प्रसंग कोणत्या चाळीत घडतो त्यावर सावल्याच काय, संवादही बदलतील.

पाच-सहा भाग पूर्ण होईपर्यंत पहिला प्रसिद्ध करू नका. आजारपण, परीक्षा, सण यांत तोच साठा कामी येतो.

गोष्ट विकण्याबद्दल : काढल्या क्षणी हक्क तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. हवी असेल तर एका कलाकृतीला ५०० रुपये शुल्क आहे. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचाच लागतो. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १९नुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून ‘कायमचे’, ‘जगभर’ आणि ‘सर्व माध्यमांत’ हे शब्द दिसले की सही थांबवा. त्याऐवजी कोणतं माध्यम, किती वर्षं, किती रक्कम हे लिहून मागा. पात्रांवरचा हक्क वेगळ्या ओळीत स्वतःकडे ठेवा.