‘सोळा आणे खरे’ : सोळाच का?

एका शिक्षिकेने विचारले आहे की, पाचवीच्या मुलांना पैशाचा इतिहास सांगताना ‘सोळा आणे खरे’ हा वाक्प्रचार आला, तेव्हा एका मुलीने ‘शंभर आणे का नाही?’ असा प्रश्न केला. तिला काय सांगावे, आणि ‘आणेवारी’तला, म्हणजे पिकाच्या अंदाजातला, आणा तो हाच का?

आणा तो हाच. 1 एप्रिल 1957 पूर्वी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै होत असत. सोळा आणे म्हणजे पुरा रुपया, त्यात एका पैचीही तूट नाही. म्हणून जे पूर्णपणे खरे, ते सोळा आणे खरे. पण एवढे सांगून थांबू नये, कारण मुलीचा प्रश्न सोळा या संख्येविषयी आहे आणि त्याचे उत्तर वाटणीच्या सोयीत सापडते. मुलांच्या हाती कागदाची एक पट्टी द्यावी आणि ती चार वेळा मधोमध दुमडायला सांगावी; उलगडल्यावर सोळा सारखे भाग दिसतील. शंभराचे मात्र पन्नास, पंचवीस आणि लगेच साडेबारा होतात. अधेली, पावली आणि चवली, म्हणजे आठ, चार आणि दोन आण्यांची नाणी, ही त्या पट्टीच्याच घड्या होत.

ही सोळाची रीत इंग्रजांच्या कितीतरी आधीची आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील ‘लीलावती’च्या आरंभीच कोष्टक येते: वीस वराटकांची, म्हणजे कवड्यांची, एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क. एका द्रम्माच्या कवड्या किती, हे गणित मुलांना जरूर घालावे. उत्तर 1280 येते आणि ‘कवडीमोल’ या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. हा द्रम्म मूळ ग्रीक नाण्याच्या नावावरून आला आणि आपल्या ‘दाम’ व ‘दमडी’ या शब्दांत राहिला.

दशमान पद्धती आल्यावर एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे झाले, त्यामुळे सुटा आणा व्यवहारातून गेला. चार, आठ आणि बारा आणे मात्र 25, 50 आणि 75 पैशांशी नेमके जुळत असल्याने बोलण्यात टिकले. पंचवीस पैशांचे नाणे 2011 मध्ये चलनातून बाद झाल्यावरही ‘चार आणे’ हा शब्द बाद झालेला नाही.

आणेवारीतला आणा हाच, म्हणजे सोळावा हिस्सा; प्रत्यक्ष नाण्याचा मात्र तिथे संबंध नाही. पूर्ण पीक सोळा आणे धरून यंदाचे पीक त्यातले किती, याचा तो अंदाज. पुढे त्याचीच पैसेवारी झाली आणि 50 पैशांच्या आतील पैसेवारी ही टंचाईची खूण ठरली. शेतकरी घरांतील मुलांनी हा शब्द आजोबांच्या तोंडून ऐकलेला असण्याचा संभव आहे, तेव्हा तो आधी त्यांनाच सांगू द्यावा.