दुष्काळातला तेरावा रिचार्ज

प्रश्न असा आहे : "मोबाइल कंपन्यांचा महिना २८ दिवसांचाच का? वर्षाला १२ ऐवजी १३ रिचार्ज मारावे लागतात. ही लूट नाही का? यावर उपाय काय?"

कळव्यात माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. २००५ पासून पुढची दहा-बारा वर्षं मी त्याच काउंटरवर रिचार्ज विकले. आधी नाण्याने खरवडायची कूपनं, मग लापू सिमवरून, म्हणजे दुकानदाराच्या खास सिमवरून, मारायचा बॅलन्स. शेकड्याला दोन-तीन रुपये सुटायचे. नंतर लोक स्वतःच फोनवरून रिचार्ज मारायला लागले आणि तो धंदा बसला. त्यामुळे कंपन्यांबद्दल मला विशेष प्रेम नाही, हे आधीच सांगतो.

२८ का? आमच्या डिस्ट्रिब्युटरचा माणूस सांगायचा, "चार आठवडे, साहेब. सोमवारी मारला तर सोमवारीच संपतो, गिऱ्हाइकाच्या लक्षात राहतं." उत्तर तयार होतं, पण वार धरून रिचार्ज लक्षात ठेवणारं गिऱ्हाईक मला एवढ्या वर्षांत एकही भेटलं नाही. खरं कारण तुम्हीच प्रश्नात लिहिलंय : २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. ५६ आणि ८४ ही त्याचीच भावंडं. ८४ दिवसांना लोक 'तीन महिन्यांचा' म्हणतात. तसे चार मारलेत तर ३३६ दिवस होतात आणि वर्ष संपायला २९ दिवस उरतात. आपल्याकडे 'दुष्काळात तेरावा महिना' म्हणतात, तो हाच. फरक एवढाच की पंचांगातला अधिक मास साधारण पावणेतीन वर्षांनी येतो. यांचा दरवर्षी येतो.

पण यात लूट किती, ते भागाकार करून बघा. जुलै २०२४ मध्ये दर वाढले, त्यानंतर एका मोठ्या कंपनीचा २८ दिवसांचा प्लॅन २९९ रुपयांना होता. रोज तेवढाच डेटा देणारा, ज्या तारखेला मारला त्याच तारखेला दर महिन्याला येणारा प्लॅन ३१९ ला. २९९ चे १३ केले तर ३,८८७ होतात आणि ३१९ चे १२ केले तर ३,८२८. वर्षाला फरक ५९ रुपयांचा. ठाण्यात तलावपाळीवर दोघांनी भेळ खाल्ली तरी जास्त जातात. 'महिन्याला २९९' असं मनात धरून आपण फसतो, हे खरं. पण महिन्याचा प्लॅन द्यायची वेळ आली तेव्हा कंपनीने किंमत अशी बसवली की दिवसाचा दर जवळपास जिथल्या तिथे राहिला. तेव्हा तेराव्या रिचार्जच्या नावाने फार गळा काढू नका. पैसे तिथे जात नाहीत.

जाते ती तारीख. १५ जानेवारीला २८ दिवसांचा प्लॅन मारा. पुढचा १२ फेब्रुवारीला, मग १२ मार्च, ९ एप्रिल, ७ मे, ४ जून, २ जुलै आणि पुन्हा ३० जुलै. दूध, पेपर, सोसायटीचा मेंटेनन्स, कामवाल्या मावशींचा पगार, सगळं १ तारखेला. घरातल्या देण्यांमध्ये ही एकच अशी की जी फेब्रुवारी सोडला तर दर खेपेला मागे सरकते आणि एका महिन्यात दोनदा दारात उभी राहते.

माझी आई ठाण्यात चरईत राहते, जुन्या चाळीत, पागडीच्या खोलीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती सगळं टिपून ठेवते : दूध किती, गॅस कधी आला, कोणाचं श्राद्ध. रिचार्जची तारीखही लिहायची. पण मागच्या महिन्याच्या चौकटीत बघून या महिन्यात त्याच तारखेला मला फोन करायची, आणि तोवर प्लॅन संपलेला असायचा. गेल्या वर्षी एकदा मी गावाला होतो. तिचा प्लॅन संपून आठवडा उलटला, आउटगोइंग बंद झालं आणि पाठोपाठ मेसेजही यायचे थांबले. नेमका गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन दोन जिने चढून आला.

"आजी, कोड सांगा."

"कसला कोड? वही देते ना."

"वही नको. मोबाइलवर आलाय तो."

मोबाइलवर काहीही आलेलं नव्हतं. त्याने बिचाऱ्याने दहा मिनिटं वाट पाहिली, मग सिलिंडर उचलून खाली नेला. आईने दोन दिवस शेजारच्या काकूंच्या शेगडीवर चहा केला. त्या दोन दिवसांत काकूंनी मला फोनवर जे ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आई बोलण्यासाठी पैसे भरतच नाही. ती दिवसाला दोन फोन करते, एक मला आणि एक मावशीला. ती भरते ते ओटीपी यावा म्हणून. बँक, आधार, गॅस, पेन्शन, दवाखान्याचे रिपोर्ट, सगळं त्या एका नंबराला बांधलंय. नंबर हातातून गेला तर बंद करून ९० दिवस ठेवतात आणि मग तो दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. दुकानदार म्हणून सांगतो, अडलेलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही.

हे पूर्वी असं नव्हतं. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. २००६ च्या सुमाराला ९९९ रुपयांत 'लाइफटाइम' आलं, तेव्हा माझ्या दुकानाबाहेर रांग लागली होती. आईलाही मीच घेऊन दिलं. पागडीसारखाच हिशेब : एकदा पैसे मोजा आणि आयुष्यभर इनकमिंग घ्या. पुढे कळलं की ते आयुष्य गिऱ्हाइकाचं नव्हतं, कंपनीच्या परवान्याचं होतं! २०१८ च्या अखेरीस २८ दिवसांसाठी ३५ रुपयांचा किमान रिचार्ज आला आणि पागडी मोडून भाडं सुरू झालं. २०२४ च्या दरवाढीनंतर तेच किमान भाडं दोनशेच्या घरात गेलं. सोबत डेटा आणि अनलिमिटेड कॉल येतात, कबूल. पण आईने ते मागितले नव्हते. खोलीचं भाडं भरायला गेलं की मालक म्हणतो, गच्चीपण घ्या. बरं, लीव्ह अँड लायसन्सचा भाडेकरार तरी ११ महिन्यांचा असतो.

आता उपाय. ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, जानेवारी २०२२ मध्ये नियम केला की प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचे आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारे प्लॅन ठेवलेच पाहिजेत. म्हणजे तुम्हाला हवी ती गोष्ट आहे. फक्त ॲप उघडल्यावर ती वर दिसत नाही. वर २८, ५६, ८४ आणि 'सर्वाधिक पसंती' अशी पट्टी. खाली सरकत राहा, किंवा व्हॅलिडिटीचा फिल्टर लावा. पैसे भरताना रुपया-दोन रुपये सुविधा शुल्क लागतंय का तेही बघा. लागत असेल तर कंपनीच्याच ॲपवरून मारा.

डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक नियम आला : नुसते कॉल आणि एसएमएस असलेला, डेटा नसलेला प्लॅन प्रत्येकाने द्यायचाच. त्याच वेळी अशा खास व्हाउचरची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. लगेच जानेवारीत प्लॅन आले. एका कंपनीने आधी ३६५ दिवसांचा काढला आणि काही दिवसांतच त्याच्या जागी ३३६ दिवसांचा आणला. किंमतही खाली आणली, दिवसाचा दर थोडा कमीच झाला, तेवढं श्रेय देतो. पण ३३६ म्हणजे बारा अठ्ठावीस. वर्षाचा प्लॅन द्या म्हटलं तरी हात सवयीने तिथेच जातो.

गॅसच्या प्रकरणानंतर आईसाठी मी हाच बिनडेटाचा, ८४ दिवसांचा प्लॅन घेतला. मोठ्या हुशारीने घेतला. दोन दिवसांत तिचा फोन आला, "अरे, कीर्तन दिसत नाही. नुसतं गोल गोल फिरतंय." चाळीत वायफाय नाही हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. मग वरून डेटाचं पॅक मारत बसलो, आणि स्वस्तातला प्लॅन महागात पडला. ज्यांच्या घरी वायफाय आहे किंवा ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यांच्यासाठी मात्र तो उत्तम. वर्षाचे पैसे एकदम भरणं जमत असेल तर सरळ ३६५ वाला घ्या आणि विसरून जा. तेवढे पैसे एकदम निघत नाहीत म्हणूनच माणूस २८ वर येतो, हेही काउंटरवर रोज पाहिलंय.

ते ८४ दिवस संपल्यावर आईला त्याच तारखेवाला प्लॅन घेतला. यात एक खाचखळगा आहे. जुना प्लॅन चालू असताना नवा मारला तर तो रांगेत उभा राहतो आणि जुना संपल्यावर सुरू होतो, त्यामुळे तारीख आपल्या हातात राहत नाही. आईचा २९ ला संपत होता. मुद्दाम काही मारलं नाही. दोन दिवस तिच्या फोनवरून कॉल जात नव्हते. १ तारखेला सकाळी दुकान उघडायच्या आधी रिचार्ज मारला. काकूंना आधी कल्पना दिली होती, यावेळी शिव्या बसल्या नाहीत.

तेव्हापासून दर १ तारखेला सकाळी सात वाजता आईचा फोन येतो, "मारलास का रे रिचार्ज?" मी म्हणतो, "आई, तुझा फोन लागला ना?" ती म्हणते, "हो, पण तू मारलास का?"