हार्नेस रेसिंगमध्ये (दोन चाकी गाडी ओढणाऱ्या घोड्यांच्या शर्यतींत) घोड्यांची उत्तेजक चाचणी कितपत विश्वासार्ह असते?

पॉझिटिव्ह निकालावर बराच विश्वास ठेवा, निगेटिव्हवर बेताचाच. घोडा ‘क्लीन’ निघाला म्हणजे त्या वेळी, त्या नमुन्यात, प्रयोगशाळेने जे शोधलं ते सापडलं नाही, एवढंच.

पॉझिटिव्ह भक्कम असतो तो पद्धतीमुळे. शर्यतीनंतर लांब दांड्याच्या भांड्यात घोड्याची लघवी धरतात (पुष्कळदा ताटकळावं लागतं, नाहीच केली तर रक्तावर भागवतात). नमुन्याचे दोन भाग करून ट्रेनरच्या माणसासमोर सील करतात. पहिल्या भागात काही संशयास्पद दिसलं तर मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणाऱ्या यंत्रावर) खात्री होते, आणि ट्रेनरने मागितलं तर दुसरा भाग वेगळ्या प्रयोगशाळेत जातो. मात्र औषध सापडलं म्हणून ते मुद्दामच दिलं होतं असं ठरत नाही. फ्लुनिक्सिन हे वेदनाशामक औषध दिलेल्या घोड्याने स्वतःच्याच लघवीने भिजलेला पेंढा चघळला तरी ते पुन्हा पोटात जातं.

या खेळाची खास चाचणी आहे टीसीओटू, म्हणजे रक्तातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडची. सल्की (ती दोन चाकी गाडी) ओढत दोन मिनिटांच्या आसपास जीव तोडून पळताना स्नायूंत आम्ल साठतं. ते मारायला काही जण शर्यतीच्या काही तास आधी नाकातून नळी घालून खाण्याचा सोडा पोटात सोडतात. त्याला ‘मिल्कशेक’ म्हणतात. अमेरिकेत साधारण मर्यादा लिटरला 37 मिलिमोल, लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) दिलेल्या घोड्याला 39. स्टँडर्डब्रेड (हार्नेस रेसिंगमधली घोड्यांची जात) घोड्याची नेहमीची पातळी तिशीच्या आसपास. निरपराध घोडा अडकू नये म्हणून अंतर ठेवलंय, ते योग्यच. पण त्याच अंतरात मोजून सोडा देणारा सुटतो. रक्त शर्यतीआधी घ्यावं, रक्ताची नळी भरलेली आणि घट्ट बंद ठेवावी, गार ठेवून लवकर तपासावी. उघडी राहिली किंवा फार दिवस पडली तर वायू उडून आकडा खाली येतो. म्हणजे हाताळणीतली ही चूक सहसा ट्रेनरच्या फायद्याची.

खरी मोठी गळती ईपीओसारख्या, लाल पेशी वाढवणाऱ्या औषधांची. रक्तात ते काही दिवसच सापडतं, पण वाढलेल्या लाल पेशी कित्येक आठवडे टिकतात. शर्यतीच्या दिवशीची चाचणी इथे हमखास उशिरा पोचते. मार्च 2020 मध्ये न्यूयॉर्कमधल्या केंद्रीय सरकारी वकिलांनी पंचवीसहून अधिक जणांवर आरोप ठेवले, त्यांत हार्नेसचे ट्रेनर आणि पशुवैद्यही होते. चाचणीत सापडू नयेत अशीच औषधं बनवल्याचा आरोप होता, आणि प्रकरण उघडं पडलं ते मुख्यतः फोन टॅप करून. त्यानंतर अमेरिकेत घोडदौडीसाठी हिसा ही राष्ट्रीय यंत्रणा आली, पण ती थरोब्रेडपुरती (पाठीवर जॉकी बसवून पळवतात त्या जातीपुरती). हार्नेस रेसिंग अजून राज्यांच्या आयोगांकडेच आहे, त्यामुळे कडकपणा जागोजागी वेगळा.

एखाद्या ट्रॅकवर किती भरवसा ठेवायचा हे ठरवताना किती नमुने तपासले हा आकडा मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. तबेल्यात न सांगता जाऊन रक्त घेतात का आणि जुने नमुने गोठवून नव्या पद्धतीने पुन्हा तपासतात का, हे आधी विचारा.