सगळं येतं हो तिला, पण पेपरात उतरत नाही

मी समुपदेशक आहे. दहावीच्या प्रिलिमचे पेपर हातात पडले की हे वाक्य माझ्याकडे येतं ते येतंच. कधी आई म्हणते, कधी बाबा. पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, दोन-तीन तासांच्या पेपरावरून मुलाची हुशारी ठरवणंच मुळात चुकीचं नाही का?"

या प्रश्नाचं उत्तर मी आता सईच्या गोष्टीतूनच देते. नाव अर्थातच बदललं आहे, काही तपशीलही.

सई बोलण्यात चटपटीत. वक्तृत्वाच्या दोन ढाली घरात आणि प्रिलिमला 54 टक्के. बाबा आल्या आल्या तावातावाने म्हणाले, "ही सगळी पद्धत इंग्रजांनी कारकून घडवायला आणली. माझ्या मुलीचं डोकं त्यात बसत नाही, एवढंच." आई गप्प होती. सईने विज्ञानाचा पेपर चौघडी करून मुठीत धरला होता.

बाबांना बाहेर बसवल्यावर मी तिला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"बाबांचं बरोबर आहे. परीक्षेतून काही कळत नाही."

"मग मार्क बघून दोन दिवस जेवली का नाहीस?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग पुटपुटली, "कारण मी ढ आहे हे कळलं ना."

परीक्षेतून काही कळत नाही, आणि परीक्षेने माझ्याबद्दल सांगितलं ते अगदी खरं. दोन्ही वाक्यं एकाच मुलीच्या मनात शेजारी शेजारी नांदत होती. पहिलं घरातल्यांनी प्रेमाने दिलेलं, दुसरं तिने स्वतः गुपचूप तयार केलेलं. माणसाला घटना जेवढी छळते, त्याहून जास्त त्या घटनेबद्दल तो स्वतःशी जे बोलतो ते छळतं, अशी माझी पक्की धारणा आहे. त्यामुळे "अगं, मार्कांचं काय एवढं" अशी समजूत मी कधी घालत नाही. ते दुसरं वाक्य मला टेबलावर हवं असतं.

पुढच्या भेटीत तो पेपर उलगडला. प्रश्न होता निकटदृष्टितेचा: कारणे व उपाय आकृतीसह स्पष्ट करा, गुण 3. सईने लिहिलं होतं, "निकटदृष्टिता म्हणजे जवळचे दिसते व लांबचे दिसत नाही. अशा व्यक्तीला फळ्यावरचे वाचता येत नाही. त्यासाठी चष्मा लावावा लागतो. डोळे नियमित तपासावेत." सईला स्वतःला जाड भिंगांचा चष्मा आहे. मी म्हटलं, तोंडी सांग. तिने चष्मा काढून हातात धरला आणि घडाघडा सांगितलं: नेत्रगोल लांबट होतो किंवा भिंगाची वक्रता वाढते, प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते, म्हणून अंतर्गोल भिंग. सगळं बिनचूक.

मी तिच्या हातात लाल पेन दिलं. "हा पेपर तुझा नाही. नागपूरकडच्या कुठल्या तरी मुलीचा आहे. बोर्डात उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, तपासणाऱ्याला नाव-गाव काही दिसत नाही. तपास बरं."

तिने एक गुण दिला.

"एकच?"

"कारण लिहिलेलं नाही, प्रतिमा कुठे पडते ते नाही, भिंग कोणतं ते नाही. आकृती तर नाहीच."

"तिला येत नसेल का?"

"येतही असेल. पण मला कसं कळणार?" पेन कागदावर टेकवून ती तशीच थांबली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण मॅडम, म्हणजे ती ढ आहे असंही मला कळत नाहीये ना."

यावर मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाची जीभ फार वळवळते. कौतुक करावंसं वाटतं, समजावावंसं वाटतं. न बोलणं मला वर्षानुवर्षांच्या सरावाने जमू लागलं आहे. सईने आपणहूनच पान उलटलं आणि पुढचा प्रश्न तपासायला घेतला.

तर, लेखी परीक्षा चांगली की वाईट? कागदावर, एकट्याने, ठरलेल्या वेळात काय मांडता आलं एवढंच ती मोजते. मला तिचं मोल वाटतं ते त्या बारकोडसाठी. आपल्याकडे आडनाव वाचून मत बनवणारी माणसं कमी नाहीत. ज्या मुलाच्या पाठीशी कुणी नाही, त्याला निदान एका टेबलावर फक्त त्याच्या उत्तराने ओळखलं जातं. पण संपूर्ण मूल्यमापन म्हणाल तर ते बोर्डही मानत नाही, म्हणून तर 80 गुण लेखी आणि 20 अंतर्गत किंवा प्रात्यक्षिकाचे. 2019 मध्ये भाषा आणि समाजशास्त्रांचे ते 20 गुण काढले, तर राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर आला. 2020 मध्ये ते परत आले आणि निकाल 95.30 झाला (भूगोलाचा पेपर करोनामुळे रद्द झाला, हेही खरं). 2021 मध्ये लेखी परीक्षाच झाली नाही आणि 99.95 टक्के मुलं पास. मुलं एका वर्षात मठ्ठ होऊन पुढच्या वर्षी हुशार झाली का? मोजायचं माप बदललं. हे आकडे मी सईच्या बाबांपुढे ठेवले, तेव्हा ते खूश झाले. मी म्हटलं, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, पण मार्चपर्यंत ते तुमच्यापाशीच ठेवा. पद्धत बदलायची तर मोठ्यांनी भांडावं. सोळाव्या वर्षी त्या वाक्याचा उपयोग एकच होतो, अभ्यास न करण्याची सोय.

सई अभ्यास करत नव्हती असं नाही. ती वाचायची, पुन्हा वाचायची, रंगीत पेनाने रेघा मारायची. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे येतंय असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं, की उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे असतात. आठवड्यानंतर मात्र, पुस्तक मिटून आठवून लिहिलेले पुढे जातात. म्हणून सईला मी सांगितलं, रोज एक प्रश्न घे. आधी आईला तोंडी सांग, ते तुला जमतंच. मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिही. शेवटी त्या नागपूरच्या मुलीचा पेपर समजून लाल पेनाने तपास. आईला मी एवढंच सांगितलं, की "किती पडले?" विचारू नका, "कुठला मुद्दा राहिला?" असं विचारा. सुरुवातीला सई कंटाळली, चिडलीही. मग तिला तपासण्यातच मजा यायला लागली. बोर्डात तिला 71 टक्के पडले. बाबांचं मत आजही तेच आहे.

एक मात्र ध्यानात ठेवा. अशी तपासणी करणाऱ्या बाईंकडे सईला पाठवून तिला लेखनाची अडचण नाही ना, याची खात्री मी आधीच करून घेतली होती. मूल तोंडी नीट सांगतं, पण लिहिताना अक्षरं गळतात, फळ्यावरचं उतरवताना चुकतं, आणि हे खालच्या वर्गांपासून चालत आलं असेल, तर त्याला सराव द्यायच्या आधी अध्ययन अक्षमतेची (हुशारी असूनही वाचन-लेखन जड जाण्याची) तपासणी करा. प्रमाणपत्र असलं की तासाला 20 मिनिटं जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक अशा सवलती मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. प्रमाणपत्र सरकारमान्य रुग्णालयाचं लागतं आणि तिथे नंबर लागायला वेळ जातो. तेव्हा दहावीची वाट बघू नका, आठवी-नववीतच जा.